भांडं उलटं करून बघा की!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात भाचीच्या कॉलेजात आर्ट-डिझाइनच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेलो होतो, नाव घेत नाही. मेटलमध्ये 'उत्कृष्ट कारागिरी'चं पहिलं बक्षीस एका तांब्याच्या लॅम्पला, आत एलईडी, वरून चकचकीत लॅकर, फोटो एकदम झकास येणार. शेजारी एका पोराने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेला तांब्या, त्याला उत्तेजनार्थसुद्धा नाही. टेबलावर पाटी 'हात लावू नये', परीक्षकांनीही ती इमानदारीत पाळलेली दिसते!

आमचं घराणं कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं. मी नोकरी केली बँकेत, पण लहानपण ठोक्यांच्या आवाजातच गेलं, त्यामुळे मी काय पाटीबिटी बघितली नाही, तो तांब्या उचलला सरळ. मठारकाम म्हणजे ते ठोक्यांचे बारीक गोल खळगे, ते सगळे एकाच जोराचे पाहिजेत आणि गळ्याकडे घेर कमी होत जातो तिथे ओळ न मोडता वर न्यायचे, खरा हात तिथेच कळतो. शिवाय ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते लाल तापवून मऊ करायचं अन् पुन्हा ठोकायचं, यात कंटाळा केला की काठाला तडा ठरलेला. काठावरून बोट फिरवलं, कुठे काही नाही, बूडही डुगडुगत नव्हतं. लॅम्प मागून बघितला तर डाख, म्हणजे सांधा जोडायचा वितळवलेला धातू, ओघळलेला आणि त्यावर काळा रंग फासलेला.

लॅम्पवालीची आयडिया छानच होती, तिला डिझाइनचं बक्षीस द्या ना, कोण नाही म्हणतंय! पण कारागिरी उलटी-पालटी केल्याशिवाय कशी कळणार? वर्ल्डस्किल्स या कौशल्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सगळ्यांना एकच काम, ठरलेला वेळ, अन् मोजून दिलेले मार्क वेगळे आणि परीक्षकांच्या नजरेचे वेगळे. एवढं नको, निदान परीक्षकांत एक तरी हातोडी धरलेला माणूस घ्या, इथे पुण्यात तर रिक्षाने जाऊन आणता येतो. 1888 मध्ये पुरी झालेली मुंबईतली व्हीटीची, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनची इमारत बघा, तिच्यावरची बरीचशी नक्षी जेजे कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे, अजून ऊन-पाऊस खातीये.

त्या पोराला विचारलं, किती दिवस लागले रे? म्हणाला, "काका, एकोणीस, पण त्याआधीचे तीन फुटले." मी म्हटलं दाखव की मग ते. तर म्हणे भंगारात दिले, टेबलावर पसारा नको म्हणून सांगितलं होतं.

आपला,
तांबट आळीतला एक वाचक, पुणे