सोन्याचं पथ्य

मुंबई, १२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, आपल्या सोन्या बोक्याला मधुमेह निघालाय, भात बंद करायचा, असं मी काल फोनवर म्हणाले तर तू विचारलंस, “मग भात अजिबातच नाही का गं त्याला?” आणि तेवढ्यात रेंज गेली. उत्तर लिहूनच पाठवते, म्हणजे कागद स्वयंपाकघरात हाताशी राहील. भात अजिबात नाही. दूधभात नाही, बांगड्याच्या डोक्याबरोबर कालवलेला नाही, चहाच्या वेळी पोळीचा तुकडा नाही, आणि ओटीवरच्या वाडग्यात दिवसभर भरलेला असतो तो पाकिटातला कोरडा खाऊसुद्धा नाही. सोन्या नऊ वर्षं तुझ्या हातचा भात खाऊन वाढला. तुला हे किती जड जातंय ते तुझ्या आवाजातच कळलं. म्हणून नुसतं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढ्यावर न सोडता कारणही लिहिते.

मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. आपल्या लाळेत पिष्ट पचवायला सुरुवात करणारा रस असतो, मांजराच्या लाळेत तो नसतो. लागणारी साखर त्याचं यकृत प्रथिनांतूनच तयार करत राहतं. उंदीर, पाखरू, मासा खाऊन पोटात पिष्ट जातं ते नावापुरतं. भात गेला की रक्तातली साखर चढते, आणि ज्याचं इन्सुलिन पुरं पडत नाही त्या सोन्याला ती उतरवता येत नाही. कोरड्या खाऊचे दाणे बांधायलाही पीठ लागतंच. शिवाय मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारी यंत्रणाच त्याच्या जिभेत निकामी असते. सोन्या दूधभातावर तुटून पडायचा तो सायीसाठी आणि माशाच्या वासासाठी. भात काढून घेतला तर त्याच्या आवडीचं आपण काही काढून घेत नाही आहोत, हे मनात ठेव.

पण हे उद्या सकाळपासून एकदम करायचं नाही. सोन्याचा डोस ठरला तेव्हा त्याच्या पोटात भात होता. भात बंद झाला की तेवढंच इन्सुलिन त्याला जास्त होईल आणि साखर धोक्याइतकी खाली जाईल. कमी पिठाच्या खाण्यावर आलेल्या मांजराची इन्सुलिनची गरज कधी कधी फार झपाट्याने घटते. तेव्हा बाबा, आधी दापोलीला डॉक्टरांना फोन करून सांगा की आम्ही खाणं बदलतोय, डोस किती करायचा, आणि मधल्या दिवसांत साखर कधी तपासायची. मग आठ-दहा दिवसांत रोज थोडा भात कमी, थोडं नवं खाणं जास्त. त्याने तोंड फिरवलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. जाडं मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं.

नवं खाणं म्हणजे ओल्या खाण्याचे डबे. मी पार्सलने पाठवतेय. ते संपत आले आणि दापोलीतून काही आणायची वेळ आली तर बाबा, पाकिटाचं गणित तुम्ही करा. पाकिटावर कार्बोहायड्रेटचा आकडा बहुतेक नसतो. प्रथिनं, स्निग्ध, पाणी, तंतू आणि राख (म्हणजे क्षार) यांचे आकडे असतात, ते मिळवायचे आणि १०० मधून वजा करायचे. समजा ३०, १०, १०, ४ आणि ८ असे असतील, तर बेरीज ६२, उरले ३८. म्हणजे १०० ग्रॅममागे ३८ ग्रॅम पीठ! असं पाकीट दुकानातच ठेवून यायचं. राखेचा आकडा नसला तर कोरड्या खाऊत ती ७-८ धरा. ओल्या डब्यात बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे तिथे वजाबाकीत चार-पाच उरले तरी ते वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. एक-दोन उरणारा डबा चांगला. दाट ग्रेव्हीवाले टाळा, ती ग्रेव्ही बहुधा पिठानेच दाट केलेली असते.

आई, तुझ्या हातचंही त्याला मिळणार आहे. उकडलेलं चिकन, अंडं, काटे काढलेला उकडलेला मासा. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या कालवणातला मासा धुऊन दिला तरी चालणार नाही. ज्यात उकडलंस ते पाणी फेकू नकोस, तेही दे. मांजराला टॉरिन म्हणून एक घटक मांसातूनच मिळवावा लागतो आणि शिजवताना तो पाण्यात उतरतो. मासा कच्चा नको, काही कच्च्या माशांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. शिजवल्यावर ती भीती नाही. पण हे सगळं डब्याच्या जोडीला. नुसत्या चिकन-माशावर कॅल्शियम आणि टॉरिन पुरेसं मिळत नाही.

आता खरी अडचण. घरात एकटा सोन्या असता तर एवढं लांबलचक पत्र लिहावं लागलं नसतं. मनी आहे, चिमी आणि बाळ्या आहेत, वर शेजारचा काळा बोका पाहुणा. एका वाडग्यात सगळ्यांचं, आणि कोण किती खातं याचा हिशेब कोणालाच नाही. सोन्याचं पाणी पिणं वाढलेलं इतके दिवस लक्षात आलं नाही ते यामुळेच. खळ्याच्या कोपऱ्यात तो जिथे बसतो तिथे मुंग्या लागतात हे तू पाहिलंस आणि सांगितलंस, म्हणून तपासणी झाली. लघवीला मुंग्या लागणं ही मधुमेहाची जुनी खूण, आपल्या जुन्या वैद्यांनाही माहीत असलेली. तुझ्या त्या नजरेमुळे तो आज वाचलाय असं मी सगळ्यांना सांगते.

माझं म्हणणं आहे की ओटीवरचा वाडगा आधी उचला. बाकी सगळं त्यानंतर. चिमी-बाळ्या तरुण आहेत, निरोगी आहेत. त्यांनी सोन्याच्या डब्यातलं खाल्लं तर त्यांना काही अपाय नाही, उलट बरंच आहे. फक्त वाढत्या वयाचे आहेत म्हणून पोटभर मिळायला हवं. चौघांना चार प्रकारचं रांधत बसलात तर तुम्ही दोघं महिन्याभरात थकाल, आणि दमलेल्या माणसांकडून पथ्य पाळलं जात नाही. त्यामुळे चिमी, बाळ्या, सोन्या तिघांना एकच खाणं, ठरलेल्या वेळी, आणि अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं. मनीचं मात्र वेगळं. तिचं वय तेरा, तिची किडनी कमजोर निघाली आहे, तिला एवढी प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

जागा अशा ठरवू या. मनी आईच्या खोलीत, दार लावून. चिमी-बाळ्याची ताटली माळ्यावर, कारण सोन्याला आता शिडी चढवत नाही. त्याचे मागचे पाय टाचांवर टेकतात तेही साखरेमुळेच, मज्जातंतूंवर परिणाम होतो. साखर आटोक्यात आली की काही महिन्यांत ते पुष्कळ सुधारतं. तेव्हा तो पुन्हा माळ्यावर चढायला लागला तर मला लगेच कळवा, आनंदाची बातमी म्हणून आणि ताटलीची जागा बदलायची म्हणूनही. सोन्या स्वयंपाकघरात, बाबांजवळ. सुरुवातीला दाराबाहेर ओरडा होईल. त्यांना वेगळं बसवण्यात दुष्टपणा वाटून घेऊ नका. मांजरं एकटी शिकार करणारी, एकटी खाणारी. एका ताटलीत चार तोंडं हे आपल्याला गोड दिसतं, पण त्यांच्यातल्या दुबळ्याला ते सोसावं लागतं. मनी वाळत का चालली होती याचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं.

इन्सुलिन सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, बारा तासांच्या अंतराने, जेवणाबरोबर. आधी तो खायला लागतोय ना ते बघायचं, मग टोचायचं. जेवलाच नाही किंवा उलटी झाली तर नेहमीचा डोस देऊ नका, फोन करा. टोचताना थोडं बाहेर सांडलं, केस ओले लागले, तरी पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ कमी गेलेलं चालतं, दुप्पट गेलेलं चालत नाही.

बाबा, हा परिच्छेद दोनदा वाचा. तुमचं स्वतःचं इन्सुलिन मिलिलिटरमागे ४० युनिटच्या बाटलीतलं, लाल टोपणाच्या सुईचं. सोन्याचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन मिलिलिटरमागे १०० युनिटचं, नारिंगी टोपणाच्या सुईचं. त्याचं औषध तुमच्या लाल सुईत १ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिटं जातील. एवढ्याशा जिवाला ते फार होतं. तुमचं सामान फडताळात वरच्या खणात, त्याचं खालच्या खणात वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर ठळक ‘सोन्या’ लिहा. फ्रीजमध्येही दोन बाटल्या शेजारी ठेवू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर वापरू नका.

साखर एकदम उतरली तर तो लटपटतो, थरथरतो, हाक मारली तरी भान नसल्यासारखा बघतो, झटकेही येतात. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. पडून असेल तर मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, ठसका लागेल. मग डॉक्टर. एरवी गोड बंद असलेल्या त्या जिवासाठी मधाची बाटली कायम ओट्यावर हवी. मीटरवर कानाच्या कडेच्या शिरेतून थेंब घ्यायला डॉक्टरांनी तुम्हाला दाखवलंच आहे. माणसांचं मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, म्हणून आकडे त्याच एका मीटरचे वहीत लिहीत जा. दवाखान्यात घाबरूनही मांजराची साखर चढते, तेव्हा घरचे आकडे डॉक्टरांना जास्त कामाचे.

शेजारीपाजारी सांगायचं काम आई, तुझं. शेजारच्या काकू त्याला मायेने दूधपोळी घालतात. त्यांना मधुमेह-बिधुमेह समजावत बसू नकोस, ‘सोन्याला औषध चालू आहे, पथ्य आहे’ एवढं सांग. आपल्याकडे पथ्याचा मान सगळे ठेवतात. मासेवाल्या मावशी हर्णैहून येताना डोकी टाकतात ती मला तितकीशी खटकत नाहीत, माशात पीठ नसतं. फक्त त्यांनी ती खळ्यात न टाकता तुझ्याकडे द्यावीत, तू उकडून काटे काढून दे. निदान पहिले काही महिने सोन्याला वाडीत मोकळा सोडू नका. बाहेर काय खाल्लं ते कळत नाही आणि साखर उतरून कुठे झाडाखाली पडला तर सापडणार नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, म्हणजे ताजी मासळी तुटपुंजी. तेव्हा सुकट-खारं त्याला घालू नका, मीठ फार असतं, आणि मनीला तर मुळीच नको. चिकन आणि डबे पुरतील इतकं मी आधीच पाठवून ठेवते. विजेची काळजी मात्र वाटते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आपल्या भागात वीज किती दिवस नव्हती ते आठवतं ना? वीज गेली तर दोघांच्या बाटल्या वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत घालून पाण्याच्या मातीच्या माठात ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

मामांनी विचारलं ना, मांजरासाठी एवढं कशाला? बाबा, तुम्ही गप्प बसलात असं आई म्हणाली. मला वाटतं, उत्तर द्यायला हरकत नव्हती. आजार लवकर कळला, खाणं आणि इन्सुलिन नीट सांभाळलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. पहिले काही महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे. सुटलं तरी पथ्य आयुष्यभर, कारण आजार परतू शकतो. सुटेलच असं मी म्हणत नाही. नाही सुटलं तरी दिवसातून दोनदा टोचून मांजरं वर्षानुवर्षं मजेत जगतात. आणि तुमच्या दोघांच्या घरात दिवसभर ज्याच्याशी बोलणं चालतं तो जीव आहे हा. माझ्या लेखी तेवढं कारण पुष्कळ आहे.

दापोलीला जमलं नाही असं काही निघालं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, बाबांना गिरणगावातल्या दिवसांपासून ठाऊक असलेलं. गाडी करून आणायची व्यवस्था मी करेन. तुम्ही एकटे निघू नका.

मी महिनाअखेरीस येतेय, चार दिवस राहीन. तोवर सोन्याचं वजन दर रविवारी करा. बाबांनी त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. दिवाळीला सात किलो होता, आता साडेपाच. तो बारीक झाला म्हणून लोक बरं म्हणतील, पण हे वजन आजाराने गेलंय. आधी ते थांबायला हवं.

बाबा, तुमच्या स्वतःच्या साखरेचे आकडेही त्याच वहीत उजव्या बाजूला लिहा. मला दोन्ही बघायचे आहेत.

तुमची,
शुभा

ता. क. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला लागतील. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा, मी आले की दवाखान्यात नेऊन देऊ.