मराठीचे मार्क कुणी खोडले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'कायद्याच्या प्रवेशाची अट 60 टक्के करा' हा परवाचा लेख वाचला आणि कालचा सगळा दिवस डोकं तापलेलं राहिलं. आज ही अट 45 टक्क्यांची आहे, आणि या 45 टक्केवाल्यांमुळे वकिलीचा दर्जा घसरला, असं लेखकाचं म्हणणं. मी खानापूर कोर्टाबाहेर सव्वीस वर्षं बाँड रायटर म्हणून, म्हणजे लोकांचे दस्त-अर्ज लिहून द्यायला, बसतो. वकिलांशी रोजचा संबंध. कुणाला बी.ए.ला किती पडले होते, हे त्याच्या कामावरून मला आजवर ओळखता आलेलं नाही. तारखेला वेळेवर कोण येतो आणि अशिलाला खरं काय ते कोण सांगतो, एवढं मात्र मी डोळे मिटून सांगेन.

45 टक्के म्हणजे प्रवेश नव्हे, हे लेखकाने निदान एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. कायद्याच्या शिक्षणासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे नियम आहेत, त्यातला सातवा नियम वाचावा. किमान गुण मिळाले म्हणून प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही, असं तिथे स्पष्ट आहे. खुल्या गटाला 45, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40, हा नुसता उंबरठा आहे. पुढे कॉलेजची यादी लागते, तिथे खरी गळती होते.

पण आमची पोरं त्या उंबरठ्यावरच कशी अडतात, ते मी गेल्या वर्षी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. माझी पुतणी मराठी शाळेत शिकली, बी.ए. बेळगावात केलं. तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं म्हणून तिचा अर्ज घेऊन मी तिच्याबरोबर एका लॉ कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही. सगळ्या सेमिस्टरचे मिळून 3,200 पैकी 1,588 गुण, म्हणजे 49.62 टक्के. आम्ही निश्चिंत होतो. काउंटरवरच्या क्लार्कने गुणपत्रकांच्या झेरॉक्स पुढ्यात ओढल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि मराठीच्या चार ओळींवर एकेक आडवी रेघ मारली. मग इंग्रजीच्या चार ओळींवर. "भाषेचे मार्क धरत नाहीत," म्हणाला. उरले 2,400 पैकी 1,064. कॅल्क्युलेटरवर 44.33 आले ते त्याने आमच्याकडे वळवून दाखवले आणि अर्ज परत केला.

मराठीत तिला 400 पैकी 308 गुण होते. तिच्या सगळ्या गुणपत्रकांत अभिमानाने दाखवावेत असे तेवढेच, आणि रेघ नेमकी त्यांच्यावर पहिली.

नियमात 'एकूण गुणांच्या 45 टक्के' असं आहे. मी त्याची प्रिंट खिशात घेऊन गेलो होतो, ती काढून दाखवली. हे हुबळीला कायदा विद्यापीठात विचारा, असं उत्तर मिळालं. तो शनिवार होता आणि सोमवारी अर्जाची शेवटची तारीख. हुबळीला जाऊन लेखी उत्तर आणून पुन्हा बेळगाव गाठणं एका दिवसात झालं नाही, आणि पोरीचं वर्ष गेलं. परतताना बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. अट 60 वर नेली तर असल्या पेन्सिली आणखी चालतील. आधी बेरीज कशी करायची ते सगळीकडे एकसारखं ठरवा, मग आकडा वाढवायचं बोला.

भाषेवर निघालोच आहे तर तेही लिहितो. वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झाम मराठीत देता येते. महाराष्ट्राची लॉ सीईटी मराठीत देता येते, आणि चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापत नाहीत. नॅशनल लॉ स्कूलसारख्या संस्थांत बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी असलेली क्लॅट ही प्रवेश परीक्षा मात्र फक्त इंग्रजीत. दोन तास, 120 प्रश्न, उतारे वाचून उत्तरं द्यायची आणि चुकलं की पाव गुण वजा. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये दहा वर्षं कर्नाटकात शिकलेल्यांसाठी 25 टक्के जागा आहेत. कागदावर आमच्या तालुक्यातली पोरं त्यात बसतात. पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला ते इंग्रजी उतारे दोन तासांत संपतात का, हे कुणी विचारत नाही.

याचं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. गेल्याच आठवड्यात जांबोटीकडचे एक आजोबा वकीलपत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. सही करून झाली होती. "यात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा," म्हणाले. मजकूर कन्नडमध्ये होता. जमिनीचा दावा त्यांचा, सही त्यांची, आणि वाचून घ्यायला आले बाँड रायटरकडे. अशा माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारे वकील याच गावांतून तयार व्हायचे आहेत. माझी पुतणी त्यांतली एक झाली असती. अजूनही होईल. यंदा अर्ज सुरू झाले की आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या खेपेला पहिल्याच दिवशी.

शेवटी तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे, राग मानू नका. तुमच्या करिअर पुरवणीत पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांचे कटऑफ पानभर येतात. बेळगाव, धारवाड, हुबळीची एक ओळ नसते. सीमाभागात तुमचा अंक विकला जातो, चहाच्या टपरीवर आम्ही चौघं मिळून तो वाचतो. यंदा तो सातवा नियम आणि आमच्या भागातल्या कॉलेजांच्या अर्जाच्या तारखा वेळेत छापा, शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी.

आपला,
एक बाँड रायटर
ता. खानापूर, जि. बेळगाव