सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या खुर्च्या आपल्या मुलांनी भराव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीच्या मांडवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रमच आठवतो. गेल्या हंगामात मी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला निघालो, तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, “गायला कोण आहे, काका?” कोणीच नाही, सत्तर-ऐंशी जण नुसती वाद्यं वाजवतात, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग पेपरात कसं नाही आलं?” त्यांच्या या प्रश्नामुळेच हे पत्र लिहितो आहे.

मी २७ वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलो ते धोबीतलावच्या एका गोवेकर मास्तरांकडे. ते पलंगावर बसत, मी पत्र्याच्या ट्रंकेवर. पहिले तीन महिने त्यांनी मला गजाला हात लावू दिला नाही. टाळी धरून सोल्फा, म्हणजे त्यांचं दो-रे-मी, म्हणायचा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तानं, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकानं, त्यांनाही असंच घडवलं होतं. मुंबईतला पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा राहिला तो अशा गोवेकरांच्या जोरावर. १९३५ साली मेहली मेहता यांनी (वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील) बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, त्यात व्हायोलिनच्या रांगा बऱ्याचशा गोवेकरांच्या होत्या आणि फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडमधले वादक येत. १९५८ साली माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींच्या गुरूंनी, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. माझे मास्तर त्यात होते. त्या संध्याकाळबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. पण तो वाद्यवृंद टिकला नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले आणि वादक पुन्हा स्टुडिओत आले, कारण घर स्टुडिओवर चालायचं. नंतर अनेक वाद्यांचे आवाज एकटाच काढणारा सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या आमच्या रांगाही आटत गेल्या.

म्हणून २००६ साली एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. मंचावर आपले लोक मोजकेच, बाकी परदेशी, त्यातही कझाक जास्त, अशी टीका तेव्हा झाली. मला ती पटली नाही. गुरू बाहेरून आणावा लागला तर आणावा. प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. तो ओळखूनच २०१२ पासून तिथे मुलांसाठी संगीत अकादमी चालते. ऑर्केस्ट्राचं खरं काम मी तेच मानतो. मोठे कार्यक्रम तर झालेच. २०१९ मध्ये तबलावादक झाकीर हुसेन, आमचे झाकीरभाई, यांना घेऊन ब्रिटनचा दौरा झाला, २०२३ मध्ये खुद्द झुबिन मेहता मुंबईत येऊन याच वादकांपुढे संचालनाला उभे राहिले.

२०१५ साली झाकीरभाईंची ‘पेशकार’ ही तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना मी बाल्कनीतून ऐकली. वरून व्हायोलिनचे सगळे गज एकदम खाली येताना आणि एकदम वर जाताना दिसतात, वाऱ्यात भाताचं शेत हलावं तसे. या वादकांपुढे प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला, आणि मधोमध तबला मात्र आपल्या मनाप्रमाणे फुलत चाललेला. एका जागी झाकीरभाई सम गाठायला आले आणि अख्खा ताफा त्यांच्याबरोबर समेवर पडला. माझ्या शेजारच्या पारशी आजींनी माझा हात धरला. आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी मी घराजवळच्या एका मराठी शाळेत गेलो. आठवड्यातून दोन तास विनामूल्य व्हायोलिन शिकवतो, म्हटलं. “ही श्रीमंतांची वाद्यं, आमच्या मुलांना काय उपयोग?” असं उत्तर मिळालं. मला ते फार लागलं. माझे वडील गिरणीत जॉबर होते. मास्तरांचं सगळं बिऱ्हाड एका ट्रंकेत मावायचं. हे वाद्य श्रीमंतांचं कधीपासून झालं? बारा-पंधरा वर्षं रोजचा रियाज झाल्याशिवाय ऑर्केस्ट्रातल्या खुर्चीवर बसता येत नाही, आणि त्याची सुरुवात सहा-सात वर्षांच्या वयात व्हावी लागते. गिरगाव-परळची मुलं त्या वयात व्हायोलिन पाहतच नसतील, तर त्या खुर्च्या दर हंगामात विमानानं येणाऱ्यांनीच भरायच्या का?

आपल्याला विनंती एवढीच, की हंगाम सुरू होण्याआधी तारखा छापाव्यात आणि कार्यक्रमानंतर बैठकीचं लिहिता तसं दोन रकाने मराठीत लिहावं. काय वाजवलं, कसं वाजवलं, कुठे रंगलं, कुठे रंगलं नाही. पालक वाचतील, एखादा मुलाला घेऊन जाईल.

माझ्याकडे लहान मुलांची दोन व्हायोलिनं आहेत, एक पाव मापाचं, एक अर्ध्या. दोन्हींना नव्या तारा चढवल्या आहेत, गजांना नवे केस बसवून घेतले आहेत. कोणत्याही शाळेनं बोलावलं तर मी येईन. मानधन नको, जिना फार उंच नसला म्हणजे झालं.

आपला,
एक निवृत्त व्हायोलिनवादक, गिरगाव