प्रागमधल्या अनोळखी मंडळींनो, थँक्यू!

गाइड न घेता आई आणि मी प्राग पायी पायी फिरलो, खरं सांगायचं तर तुमच्याशिवाय जमलंच नसतं. ओल्ड टाउनमधल्या १४१० सालच्या घड्याळापाशी तोबा गर्दी, त्यात आईला पुढे जागा करून देणारे आजोबा, तुमच्यामुळे तिला तासाच्या ठोक्याला दोरी ओढणारा सांगाडा नीट दिसला, "अगंबाई, यमच की हा!" म्हणाली. चार्ल्स ब्रिजवरच्या ३० पुतळ्यांतला संत नेपोमुक नेमका कुठला ते दाखवणारी मुलगी, हात लावून लावून चकचकीत झालेली त्याच्या पुतळ्याखालची ती पाटी आम्हीपण घासून आलो (नवस गुपित आहे). आणि त्या दगडी रस्त्यावर आईच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा पर्समधून सेफ्टी पिन काढून देणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं हो. किल्ल्याच्या पायऱ्या नको, २२ नंबरची ट्रॅम घ्या असं खुणांनी सांगणाऱ्या काकांना तर आईने लाडूच दिला.