हेडफोनचा अँप घेताना ओहम बघू नका, हेड-डिस्चार्ज बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत महागड्या हेडफोनवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं, लेख चांगला होता, आपल्याकडे असल्या विषयावर कोणी लिहीत नाही म्हणून दोनदा वाचला, पण त्यातलं एक वाक्य काही घशाखाली उतरेना. लेखक म्हणतात हेडफोन ३०० ओहमचा (ओहम म्हणजे कॉईलचा विजेला होणारा अडथळा) असेल तर अँप, म्हणजे हेडफोनला ताकद देणारा अँप्लिफायर, पण तेवढ्याच किमतीचा पाहिजे, नाहीतर त्या भानगडीत पडूच नका. म्हणजे पंचवीस हजाराचा हेडफोन घेतला की आणखी पंचवीस हजार बाजूला काढायचे. आमच्या यावल-रावेरकडे केळीचा भाव एका आठवड्यात कुठून कुठे जातो ते तुमच्याच पेपरात छापून येतं, तिथे असलं वाचून पोरं एकतर हा नाद सोडतील नाहीतर दोन्ही वस्तू हप्त्यावर घेऊन बसतील. आणि मुळात हे वाक्य चूक आहे.

मी फैजपूरला मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. दिवसभर वार्निशचा वास आणि ग्राइंडरचा आवाज, त्यामुळे रात्री जेवण झालं की गच्चीवर खाट टाकून हेडफोन लावून जुन्या मैफिली ऐकायच्या एवढाच एक शौक. शेजारचे लोक हसतात, "काय नाना, कानाले टोपल्या लावून बसले?" म्हणतात. असू द्या.

तर आमच्या दुकानात आठवड्यात एक तरी शेतकरी येतो आणि म्हणतो, नाना, पाच एचपी पाणी कमी देते, साडेसात टाकू का? मी आधी विचारतो बोअर किती फूट, पाणी कितीवर आहे, पाईप किती इंची, ठिबक आहे का मोकळं पाणी. कारण एचपी म्हणजे नुसती ताकद, ती पाणी उंच चढवायला खर्च करायची का जास्त पाणी ढकलायला ते पंप ठरवतो. त्याच पाच एचपीवर जास्त स्टेजचा पंप लावला तर पाणी खोलातून वर येईल पण धार बारीक, कमी स्टेजचा लावला तर धार जाड पण पाणी वरपर्यंत पोचणारच नाही. पाणी चढायची उंची म्हणजे हेड, धार म्हणजे डिस्चार्ज. हेडफोनचं डिट्टो हेच आहे, व्होल्ट म्हणजे हेड, अँपिअर म्हणजे डिस्चार्ज आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. कोणत्या हेडफोनला हेड लागतो आणि कोणत्याला डिस्चार्ज एवढं समजलं की अँपचे पैसे निम्मे वाचतात.

आता हे ३०० ओहम म्हणजे काय, तर बारीक गेजची तार आणि जास्त टर्न, म्हणजे वेढे. बस. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ८८० नावाचा हेडफोन ३२, २५० आणि ६०० अशा तीन ओहममध्ये आलेला आहे, मॉडेल एकच, कॉईलची तार वेगळी. आम्ही बॉबिनवर रोज तेच करतो, तार बारीक करा, टर्न वाढवा, रेझिस्टन्स वाढला. त्यात खानदानी असं काही नाही, पण लोकांना वाटतं ओहम जास्त म्हणजे माल भारी आणि अँप पण भारी पाहिजे.

एकटा ओहम काहीच सांगत नाही याचा पुरावा देतो. सेनहायझरचा एचडी ६०० (१९९७ पासून चालू आहे, माझ्याकडे तोच आहे, सेकंडहँड) आणि त्याच कंपनीचा एचडी ६५०, दोन्ही ३०० ओहम. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे १ व्होल्ट दिला की ६०० वाला ९७ डेसिबल देतो आणि ६५० वाला १०३. आता तबल्याचा एखादा जोरदार ठोका ११० डेसिबलपर्यंत जावा असं धरू, सरासरी आवाज नाही हं, फक्त ठोका, आणि ही पण चैनच झाली. एचडी ६०० ला त्यासाठी १३ डेसिबल जास्त पाहिजे, म्हणजे साधारण साडेचार व्होल्ट. साडेचारचा वर्ग भागिले ३००, उत्तर येतं ६७ मिलिवॅट. वॅट नाही, मिलिवॅट! पाच एमएमचा एक पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर जेवढं खातो तेवढंच. आणि एचडी ६५० ला तर सव्वादोन व्होल्ट आणि १७ मिलिवॅटमध्ये काम होतं. दोघांचा ओहम एक, भूक मात्र चौपट कमी-जास्त. मग किमतीएवढा अँप कशाला?

उलट बाजू बघा. हायफायमॅनचा एचई ४०० एसई हा प्लेनर जातीचा (गोल कॉईलऐवजी पातळ सपाट पडद्यावर तार पसरलेला) हेडफोन, ओहम फक्त ३२. लेखाच्या हिशेबाने हा तर साध्या फोनवर पळायला पाहिजे. पण त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेवर किती जोरात वाजतो तो आकडा, ९१ डेसिबल आहे, १ मिलिवॅटला. तोच ११० चा ठोका काढायला १९ डेसिबल वर जावं लागतं, म्हणजे ८० मिलिवॅट, आणि ३२ ओहमवर ते म्हणजे १.६ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर. हेड कमी, डिस्चार्ज जास्त! एचडी ६०० ला याच ठोक्याला फक्त १५ मिलिअँपिअर लागतात. काही फोन आणि लॅपटॉप व्होल्ट काढतात पण एवढा करंट मागितला की आवाज फाटतो, आणि माणूस म्हणतो हेडफोनच बोगस निघाला.

डब्यावरचा डेसिबल वाचताना पण एक गोम आहे, यात मी स्वतः फसलो होतो. कोणी डेसिबल १ व्होल्टला लिहितं, कोणी १ मिलिवॅटला. डीटी ९९० प्रो, २५० ओहम, डब्यावर ९६. एचडी ६०० वर ९७. वाटतं दोघं सारखेच, उलट सेनहायझर एक पाऊल पुढे. पण ९६ हा मिलिवॅटचा आकडा आहे, २५० ओहमला १ मिलिवॅट म्हणजे अर्धा व्होल्ट, तो १ व्होल्टवर आणला की १०२ होतो. म्हणजे प्रत्यक्षात बायर पाच डेसिबलने जोरात वाजतो. हे समजायला मला एक संध्याकाळ आणि पावतीपुस्तकाची मागची दोन पानं लागली.

अँपच्या डब्यावर सुद्धा तसंच, मोठ्या अक्षरात १००० मिलिवॅट आणि खाली बारीक अक्षरात ३२ ओहमला. ३२ ओहमला १ वॅट म्हणजे ५.६ व्होल्ट. तोच अँप ३०० ओहमवर निदान १०५-१०७ मिलिवॅट देईल. कमी वाटतं ना, पण वरचा हिशेब आठवा, आपल्याला ६७ पाहिजेत. झालं की काम.

म्हणून कमी पैशात करायचं असेल त्याने आधी दीड-दोन हजाराचा, फोनला लावायचा असा छोटा डोंगल बघावा ज्याच्या माहितीत २ व्होल्ट स्पष्ट लिहिलेलं आहे. एचडी ६५०, डीटी ९९० असल्यांना रोजच्या ऐकण्यासाठी तो पुरतो. माझ्यासारखं ज्याला जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग ऐकायची आहे त्याला थोडं वर जावं लागतं कारण त्या फाईलींचा आवाज मुळातच कमी असतो, आजच्या गाण्यासारखा ठासून भरलेला नसतो. तिथे चार-पाच व्होल्ट देणारा अँप घ्या, आणि त्याच्यावर जो जास्तीचा पैसा आहे तो हेडफोनमध्ये टाका, आवाजातला फरक नव्वद टक्के तिकडून येतो असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो. वायर बदलून आवाज मखमली होतो म्हणणाऱ्यांबद्दल मी तांब्याच्या तारेत आयुष्य काढलेला माणूस काय बोलणार.

आणि फुकट मिळालं म्हणून काहीही जोडू नका. शालकाकडे जुना मोठा स्टिरिओ धूळ खात पडलेला, त्याला पुढे जाड हेडफोन जॅक, म्हटलं सोन्याहून पिवळं. जोडला, आवाज भरपूर, पण डग्गा असा फुगला की बोल ओळखू येईना. खोलून बघितलं तर स्पीकरच्याच लाईनमधून ३३० ओहमचा रेझिस्टर टाकून जॅक काढलेला. जुन्या सेटमध्ये सर्रास असंच असायचं. आता गंमत अशी की ३०० ओहमचा हेडफोन सगळ्या सुरांना ३०० नसतो, खालच्या सुरांत शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स (म्हणजे तोच ओहममधला अडथळा) पाचशेच्या वर जातो, मग त्या रेझिस्टरबरोबर वाटणी होताना बेसला जास्त वाटा मिळतो, हिशेबाने दोन-अडीच डेसिबल. काहींना ते आवडतं पण, गोड लागतं. व्हॉल्व्हच्या बऱ्याच अँपचं गुपित हेच आहे. पण तोच जॅक १६-३२ ओहमच्या इअरफोनला लावाल तर वाटोळं. साधा नियम असा की अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतला अडथळा, हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, ३२ ओहमला ४ च्या आत. प्लेनरचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सपाट असतो म्हणून त्यांचा सूर बिघडत नाही, फक्त ताकद वाया जाते.

आता ज्या गोष्टीवर त्या लेखात एक ओळ नव्हती ती, आणि खानदेशात माझ्या मते सगळ्यात आधी तीच बघायला पाहिजे. अर्थिंग. मी पण एकदा मोहात पडून ऑनलाइन टेबलावरचा अँप मागवला होता, चांगले नऊ हजार गेले. लॅपटॉपला जोडला की घूंऽऽ. व्हॉल्यूम शून्य तरी घूंऽऽ. परत पाठवला, दुसरा आला, तोच आवाज. मग एके रात्री लॅपटॉपचा चार्जर काढला आणि एकदम शांत. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या पण बंद. दुसऱ्यांच्या मोटरींचं अर्थिंग तपासणारा मी, आणि घरचा अर्थिंगचा खड्डा दहा वर्षांत उघडलेला नाही. आमची काळी जमीन, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मातीत ओल राहत नाही आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, दोन बादल्या पाणी ओतलं, घरघर पाऊण टक्का पण राहिली नाही. तेव्हा दहा हजाराचा अँप बदलायच्या आधी दोन बादल्या पाणी ओतून बघा. आणि घरघर जाते म्हणून थ्री-पिनची अर्थाची पिन मोडणारे महाभाग आहेत, त्यांनी कृपा करून तसं करू नका, जीव जाईल.

मी शेवटी तो नऊ हजाराचा अँप भाच्याला दिला, त्याच्या इअरफोनला त्याच्यावर नुसता सूंऽ आवाज यायचा, गेनचं (आवाज किती पटीने वाढवायचा त्याचं) बटण लो वर टाकल्यावर कमी झाला. आणि स्वतःसाठी घरी बनवला. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय अशा टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माणसाने ओटू नावाच्या अँपचं पूर्ण सर्किट मोजमापांसकट लोकांना फुकट देऊन टाकलं, पुढच्या वर्षी तो लिहायचाच बंद झाला, कोण होता ते कधी कळलं नाही. सर्किट मात्र राहिलं. त्याचा आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि चालतो ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल सेलवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट मागवले, अडीच हजारात डबा तयार. बॅटरीवर असल्यामुळे घरघर नाही, आणि लाईट गेली तरी राग अर्ध्यात तुटत नाही, आणि लाईट तर जातेच.

भुसावळकडच्या एका गिऱ्हाईकाने क्लास-ए जातीचा, कायम तापणारा अँप घेतलाय, हिवाळ्यात ठीक आहे हो, पण मेमध्ये ४५ डिग्रीत ती शेगडी टेबलावर कोण ठेवणार. त्या उन्हात रेक्झिनच्या गाद्यांचा बंद हेडफोन पण नकोच, मखमली गाद्या आणि मागून उघडा असा घ्या.

एक विनंती कानांची. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास म्हणते, आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. लग्नसराईत डीजेसमोर दोन तास नाचून आलं की कान बधिर असतात, त्या रात्री हेडफोन कमजोर वाटतो आणि माणूस मोठा अँप शोधायला लागतो. त्या रात्री झोपा.

साहेब, जळगावच्या बाजारात मोबाईल पाहिजे तेवढे बघायला मिळतात पण असले हेडफोन लावून ऐकायची सोय मला तरी कुठे सापडली नाही, मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागते, म्हणून आमच्यासारख्यांचा भरवसा छापलेल्या अक्षरावर असतो. पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तर किमतीशेजारी प्रत्येक हेडफोनला किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर लागतात एवढे दोन आकडे छापा. जागा नसेल तर हेडफोन घातलेल्या मुलीचा फोटो लहान करा.

आपला नेहमीचा वाचक,
एक मोटर वायंडिंगवाला
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव

ता. क. : त्याच फोटोतल्या मुलीने हेडफोन उलटा घातलाय. उजव्या कानावर एल दिसतो आहे.