गळती : शून्य

खानापूर, जि. बेळगाव
बुधवार, रात्री

चि. सौ. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मध्येच फोन ठेवून दिलास, ते योग्यच केलेस. लेकीला पुरस्कार मिळाल्याचे कळल्यावर बापाने पहिलाच प्रश्न "हे आकडे खरे आहेत ना?" असा विचारावा, याला काय म्हणावे? तुझी आई नेहमी म्हणते की, या माणसाच्या हातावर पेढा ठेवला तरी तो आधी त्याचे वजन करील. ते खोटे नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे; आणि आकड्यांचा विषय काढायचा नाही, असे ठरवून बसलो आहे.

पुरस्कार देणाऱ्या संस्थेचे पत्र मी तीन वेळा वाचले. महापालिकेच्या शाळेचा पट दुप्पट केल्याबद्दल, वस्तीतल्या पालकांचा विश्वास परत मिळवल्याबद्दल आणि शहरी शिक्षणात घडवलेल्या सुधारणेबद्दल तुझा गौरव करण्यात येत आहे, असे त्यात लिहिले आहे. ज्या संस्थेचा तुझ्या बदलीशी किंवा वेतनवाढीशी काडीचाही संबंध नाही, तिने एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकेची आपणहून दखल घ्यावी, याचा मला किती अभिमान वाटला, हे तुला सांगायचे राहूनच गेले. त्यातल्या त्यात मला आवडले ते कानडीचे. विजयपूर-कलबुर्गीकडून पुण्याच्या बांधकामावर आलेल्या बायकांच्या पत्र्याच्या शेडसमोर तू जाऊन बसलीस, त्यांच्या पोरांना "शालेगे बा" म्हणून हाक मारलीस, आणि ती पोरे मराठी शाळेत आली. कन्नडसक्तीविरुद्ध मोर्चे निघत असताना सरकारी नोकरीमुळे घरात बसून तळमळणाऱ्या माझ्यासारख्याच्या लेकीला तीच कानडी अशी उपयोगी पडावी, ही गंमत मी चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगितली आहे.

पण इमारत पूर्ण झाली की ती माणसे दुसऱ्या साइटवर जातात. मग त्या पत्रात शेवटच्या ओळीत "गळती : शून्य" असे कसे, माई? तू म्हणालीस की स्थलांतरित मुलांना तुम्ही शिक्षण हमी कार्ड देता, पुढच्या शाळेला फोन करता. ते ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटलेही, पण रात्री पुन्हा त्या शून्यावर बोट अडकले.

का अडकले, हे तुला एकदा सांगायला हवे. 1986 साली मी जांबोटीच्या वरच्या अंगाला एकशिक्षकी शाळेवर होतो, हे तुला माहीत आहे. तू तिसरीत होतीस आणि पहिल्या रांगेत बसायचीस. कौलांतून पावसाची झड येई, म्हणून हजेरीपट मी युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवत असे. त्या पटावर सत्तावीस नावे होती आणि त्यांपैकी नऊ मुले आईबापांबरोबर गोव्याला गेली होती. पट घसरला असता, तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडली गेली असती. आज साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो; आमच्या वेळी तसला आधार नव्हता. शिवाय ते वर्ष कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचे होते, आणि "मराठी शाळांना मुलेच कुठे आहेत?" हे वाक्य कोणाच्याही तोंडी जाऊ नये, अशी आमची सगळ्यांची धडपड होती. मी रोज सकाळी त्या नऊ नावांपुढे हजेरी मांडत राहिलो. एक दिवस तू भर वर्गात विचारलेस, "आप्पा, तो तर गोव्याला गेलाय, मग हजर कसा?" मी तुला कोपऱ्यात उभे केले. तुला ते आठवत नसेल. मला मात्र रविवारी फोन कट झाल्यावर आधी तेच आठवले.

त्या नऊंपैकी धनगरवाड्यावरचा एक जण बारा वर्षांनी दाखला मागायला आला. मी फिरून त्याच शाळेवर आलो होतो. गोव्यात कुठे तरी पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती आणि त्यांना चौथी पास हवा होता. कागदोपत्री तो चौथी पास होता; पास मीच केला होता. मी दाखला लिहिला, "वर्तणूक चांगली" असे लिहिले आणि पोच म्हणून सही करायला वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि अंगठा पुढे केला. उरलेली शाई त्याने जाताना दाराच्या चौकटीला पुसली. त्या निळ्या डागावरून माझी नजर मी निवृत्त होईपर्यंत रोज जात होती. 2011 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात तीन दिवसांची पटपडताळणी झाली आणि केवळ कागदावर असलेली लाखो मुले उघडकीस आली, तेव्हा इथे कर्नाटकात बसून घाम मला फुटला होता. हे मी तुझ्या आईखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

आता अटलांटाविषयी. ते उदाहरण मी फोनवर द्यायला नको होते; तुला ते आरोपासारखे लागले. मला एवढेच म्हणायचे होते की, त्या अमेरिकन शहराच्या शाळांच्या प्रमुख बेव्हर्ली हॉल यांना 2009 मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट शाळा अधीक्षक म्हणून गौरवण्यात आले, तो गौरवही शाळा प्रशासकांच्या एका ना-नफा संघटनेनेच केला होता, आणि दोनच वर्षांनी राज्याच्या चौकशीत तपासलेल्या 56 शाळांपैकी 44 शाळांत गैरप्रकार आढळले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरे शिक्षकच खोडून बरोबर करत होते. 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे त्या अहवालात होती. बाईंनी आरोप शेवटपर्यंत नाकारले आणि खटला उभा राहण्याआधीच 2015 मध्ये त्या वारल्या. मला त्या बाईंपेक्षा खोडरबर हातात धरून बसलेले शिक्षकच जास्त दिसतात. त्यांना काय वाटत असेल, हे मला कळते. वरून आकडा ठरून आला आहे, तो चुकला तर आपले काही खरे नाही, आणि पोराचे काय, पोर तर काही बोलत नाही.

तू खोटे लिहिशील, असे माझ्या स्वप्नातही येणार नाही. मला भीती आहे ती पुरस्कारानंतरची. आजवर एखादे पोर दिसेनासे झाले की तुझ्या शाळेतली बाई धावत येऊन तुला सांगत असेल. उद्या कार्यालयाच्या भिंतीवर ते मानपत्र लागले, की तिला वाटेल, मॅडमच्या शून्याला आपल्या वर्गामुळे डाग नको. आणि ती एक दिवस थांबेल, मग आठवडा थांबेल, मग हजेरी मांडून टाकील. तुझ्यावरच्या मायेपोटीच मांडील. तुला कळणारसुद्धा नाही. "असर" या शैक्षणिक पाहणीचे स्वयंसेवक 2005 पासून मुलांकडून वाचून घेतात ते शाळेत नव्हे, घरी जाऊन. कारण शाळेत आलेलीच मुले भेटतात. तूही महिन्यातून एखाद्या दिवशी पट हातात घेऊन, कोणालाही न सांगता, त्या शेडवर जाऊन येत जा. आणि संस्थेला कळवून ते शून्य काढून जो काय आकडा असेल तो, दोन असो वा सात, घालायला सांगता आले तर...

पाहा, पुन्हा तेच सुरू झाले. तुझी शाळा तू चालवतेस, माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरी चालवतेस, आणि सत्तावीस पोरांच्या शाळेचा मास्तर तुला शहाणपण शिकवतो आहे. राग मानू नकोस. हा परिच्छेद फाडून टाकावा, असे मनात आले होते, पण मागच्या बाजूला मजकूर आहे.

आम्ही दोघे शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो. आई कुंदा आणि नाचणीचे पापड घेते आहे. तुझ्या शिक्षिकांनाही पुरेल एवढा कुंदा आण, असे तिने मला बजावले आहे. कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवू नकोस, मागे कुठे तरी बसव. जावईबापूंना माझा निरोप दे की, स्टेशनवर येण्याची घाई करू नये, आम्ही रिक्षाने येऊ.

उद्या संध्याकाळी फोन कर. रविवारी बोलणे तुटले ते रेंज गेल्यामुळे, असे तुझ्या आईला वाटते आहे, आणि मीही तिला तसेच वाटू दिले आहे.

तुझे,
आप्पा