अपूर्णांकाची रेघ म्हणजे कंसच असतो, हे मुलांना सांगा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या कॉलनीतली सातवी-आठवीची चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात. मी शिक्षिका नाही, फी वगैरे घेत नाही, गणित आवडतं म्हणून बसते, पण गेली तीन वर्षं एकच चूक इतक्यांदा बघितली की शेवटी तुम्हाला लिहायला घेतलं. क्ष + ७ = १२ ही मुलं तोंडी सोडवतात, कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पण पाठ असतं, आणि तरी अपूर्णांक नि कंस एकत्र आले की वही पुढे सरकतच नाही.

उदाहरण देते. क्ष/२ − (क्ष − १)/३ = २. आता इथे टाईप करताना मला कंस घालावा लागला, पण पुस्तकात वर क्ष − १, मधे रेघ, खाली ३ असं छापलेलं असतं, कंस दिसतच नाही. छेद २ आणि ३, लसावि ६, सगळ्या पदांना ६ ने गुणायचं, इथपर्यंत सगळे बरोबर येतात. मग पोरगं लिहितं ३क्ष − २क्ष − २ = १२ आणि उत्तर काढतं १४. चुकलं कुठे तर त्या रेघेत. रेघेच्या वरचं सगळं एकत्र आहे, म्हणजे तो कंसच आहे, म्हणून छेद घालवताना आधी ३क्ष − २(क्ष − १) = १२ असं लिहायला हवं आणि मगच कंस सोडवायचा. बाहेर वजा आहे, आत पण वजा आहे, त्यामुळे + २ येतं. ३क्ष − २क्ष + २ = १२, क्ष = १०. एक ओळ जास्त लिहायची फक्त, पण "स्टेप वाचवा" म्हणून नेमकी तीच ओळ मुलं गाळतात, आणि काही क्लासमधे तर गाळायला शिकवतात याचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक म्हणजे उजवीकडचा २ तसाच ठेवायचा, त्याला छेद नाही ना, मग त्याला कशाला गुणायचं! मग क्ष शून्य येतो आणि मुलं शांतपणे उत्तराखाली दोन रेघा मारतात.

या सगळ्याच्या मुळाशी मला वाटतं ते "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य आहे. का बदलतं विचारलं तर सांगता येत नाही. क्ष/२ + ४ = ९ दिलं की भागिले २ पलीकडे जाऊन गुणिले २ होतो म्हणून क्ष + ४ = १८ लिहितात, चारला कोणी हातच लावत नाही. पलीकडे काही जात नसतं हो. वाण्याच्या तराजूसारखं आहे, एका पारड्यात जे केलं तेच दुसऱ्यात करायचं, आणि दुप्पट करायचं तर पारड्यातलं सगळंच दुप्पट करायचं. क्ष + ८ = १८, क्ष = १०. हे एकदा तराजू काढून दाखवलं तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, म्हणजे चिन्ह बदलत नाही, आपण दोन्हीकडून काढतो." मला इतका आनंद झाला त्या दिवशी!

आणि ताळा. आमच्या वेळी ताळा केल्याशिवाय वही तपासायला घेत नसत. वरच्या पहिल्या गणितात १४ घालून बघा, ७ वजा १३/३ म्हणजे ८/३, दोन येत नाहीत. १० घाला, ५ − ३ = २, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण मुलं म्हणतात त्याला मार्क नसतात.

मी चाळीसगावची, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या जवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतीत भुंग्यांचं गणित आहे: थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर, या दोन्हींच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय, तर एकूण किती? क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष. अपूर्णांक आहेत, कंस आहे, सगळंच आहे. १५ ने गुणलं की ३क्ष + ५क्ष + ३(५क्ष − ३क्ष) + १५ = १५क्ष, म्हणजे १४क्ष + १५ = १५क्ष, भुंगे १५. मुलांनी ताळा स्वतःहून केला, ३, ५, ६ आणि १, कारण एकही भुंगा हरवलेला त्यांना चालणार नव्हता.

माझी शाळांना आणि पेपर काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, समीकरणाच्या प्रत्येक प्रश्नात एक मार्क ताळ्याला ठेवा, आणि छेद काढताना कंस घालून लिहिलेल्या ओळीला पण मार्क द्या. पालकांनी पण उत्तर बरोबर की चूक एवढंच न विचारता "ताळा दाखव" म्हणावं, त्यासाठी बीजगणित यायला लागत नाही, बेरीज-वजाबाकी आली तरी पुरे.

आपली,
एक वाचक, चाळीसगाव